सत्तरच्या वेगाला थरथरणारी पिकअप : वॉरंटीत शाफ्ट बदलून मिळेपर्यंत

आमच्या पिकअपचा मागचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी फिरती नळी) आणि त्याला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग एप्रिल २०२५ च्या शेवटी वॉरंटीत बदलून मिळालं. तक्रार फेब्रुवारीतली. मधल्या काळात कोणी टायर म्हणालं, कोणी इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो आधार, म्हणालं, कोणी तुम्ही माल जास्त भरता म्हणालं. गाडी कर्जावर घेतलेली असते, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, आणि गाडी सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये उभी असते. तेव्हा माणूस फार गोंधळतो. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना थोडी वाट दिसावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमची शेती ओतूरजवळ. कांदा, टोमॅटो, मधल्या दिवसांत कोबी-फ्लॉवर. जानेवारी २०२४ मध्ये लांब हौद्याची पिकअप घेतली, वाहनक्षमता १३०० किलो. आपला माल आणि शेजारपाजारच्यांचा भाड्याचा माल माळशेज घाटातून वाशी मार्केटला न्यायचा, कधी नारायणगावला, कधी चाकणला. गाडी हे चालवतात. हप्ते, विमा, सर्व्हिसिंग, माल विक्रीच्या पट्ट्या, वजनकाट्याच्या पावत्या असे सगळे कागद माझ्याकडे. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी ३८ हजार किलोमीटर चालली होती, म्हणजे दोन्ही हिशोबांनी आम्ही वॉरंटीच्या आतच होतो.

थरथर पहिल्यांदा जाणवली ती वाशीहून रिकामं परत येताना. मुरबाडच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला, काटा ६५ च्या पुढे गेला आणि पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागला. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर उभं राहिलं की तळव्यांना जसं जाणवतं, तसं. ७० ला सर्वांत जास्त, ८० च्या आसपास थोडं कमी. स्टिअरिंग मात्र शांत होतं. पुढे आठवडाभर आम्ही लक्ष ठेवलं. माल भरलेला असला की थरथर कमी, गाडी रिकामी की जास्त. ही गोष्ट मी तेव्हाच वहीत लिहून ठेवली आणि पुढे तीच सर्वांत उपयोगी पडली.

२४ फेब्रुवारीला, सोमवारी, सर्व्हिस सेंटरला गेलो. घरापासून सव्वा तास. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने ऐकून घेतलं आणि जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या तक्रारीची आणि कामाची नोंद होते त्या कागदावर, इंग्रजीत दोन शब्द लिहिले, ‘व्हायब्रेशन चेक’. वर्कशॉपमधला एक मुलगा गाडी घेऊन मागच्या गल्लीत एक चक्कर मारून आला. तिथे चाळीसच्या वर गाडी जाणंच शक्य नव्हतं. आल्यावर म्हणाला, काही जाणवत नाही. अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “ताई, ही पिकअप आहे, कार नाही. एवढं चालायचंच. तरी टायर बॅलन्सिंग करून घेऊ.” बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे ११०० रुपये आम्ही भरले, कारण ते वॉरंटीत येत नाही. टायरचीही जबाबदारी गाडीच्या कंपनीवर नसते, टायर बनवणाऱ्या कंपनीवर असते, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. ती पुस्तिका मी त्या दिवशी बाकावर बसून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. तुम्ही गाडी घेतल्या दिवशीच वाचा. पंधरा-वीस पानंच असतात.

परत येताना ७० ला तीच थरथर.

६ मार्चला पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी इंजिनचं एक माउंटिंग दबल्याचं सांगितलं आणि ते वॉरंटीत बदलून द्यायचं ठरलं. पार्ट शिल्लक नव्हता, म्हणून गाडी चार दिवस तिथेच. त्या दिवसांत कोबी तयार होता आणि तोडणी थांबवता येत नव्हती. वाशीला भाड्याची पिकअप लावली, एका फेरीचे साडेसहा हजार गेले. बदली गाडी मिळेल का, असं मी विचारून पाहिलं. पुस्तिकेत बहुतेक सगळ्यांच्या असतं तसंच कलम होतं : गाडी बंद राहिल्यामुळे झालेलं नुकसान, मालाचं नुकसान, दुसऱ्या गाडीचं भाडं यातलं काहीही कंपनी देणार नाही. नवीन माउंटिंगमुळे उभ्या गाडीतला इंजिनचा धक्का खरोखर कमी झाला. हे बरं वाटलं म्हणाले, मलाही वाटलं. हायवेला लागलो आणि सत्तरला तळवे पुन्हा झिणझिणले. त्या संध्याकाळी मला फार हताश वाटलं. भाग बदलला गेला होता, म्हणजे त्यांच्या कागदावर तक्रार मिटली होती.

आळेफाट्याला एक मिस्त्री आहेत. त्यांनी आयुष्यभर ट्रकची कामं केली आहेत. ह्यांनी गाडी तिकडे नेली. मिस्त्रींनी खाली सतरंजी टाकली, बॅटरी घेऊन गाडीखाली गेले, शाफ्ट हाताने हलवून पाहिला आणि बाहेर आले. म्हणाले, “भाऊ, मी पाना लावणार नाही. मी एक बोल्ट जरी सोडला तरी उद्या ते म्हणतील बाहेर खोललीय, गेली वॉरंटी. पण वहिनी, तुम्ही लिहून ठेवता ना, मग सांगतो ते लिहा.” त्यांनी पैसे घेतले नाहीत. पण त्या अर्ध्या तासात त्यांनी जे समजावलं, ते तोवर आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून निघते आणि लांब प्रोपेलर शाफ्टने मागच्या डिफरेन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीपर्यंत, जाते. लांब हौद्याच्या गाडीत हा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. मध्ये त्याला आधार द्यायला सेंटर बेअरिंग असतं, ते जाड रबरात बसवून चासीच्या आडव्या पट्टीला टांगलेलं असतं. सांध्यांवर क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे वळू देणारे तुकडे, असतात, म्हणून खड्ड्यात चाक वरखाली झालं तरी शाफ्ट फिरत राहतो. चाकं, शाफ्ट आणि इंजिन हे तिघे वेगवेगळ्या वेगाने फिरतात. चाक सर्वांत हळू, शाफ्ट त्याच्या चारपट वगैरे, आणि इंजिनचा वेग गिअरवर अवलंबून. थरथर कोणाच्या वेगाबरोबर चालते हे कळलं की दोषी सापडतो. मिस्त्रींचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं : “गाडी रस्त्याच्या वेगावर थरथरते का इंजिनच्या वेगावर, ते आधी वेगळं करा. बाकी नंतर.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता रिकामा असताना, आम्ही हायवेच्या सरळ आणि सपाट तुकड्यावर गेलो. पहिली चाचणी गिअरची. ७० ला पाचव्या गिअरमध्ये थरथर पाहिली, मग त्याच वेगाला चौथ्यात. इंजिनचा आवाज बदलला, थरथर तशीच. दुसरी न्यूट्रलची. ७५ ला क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली आणि वेग आपोआप उतरू दिला. इंजिन मंद चालू, तरी ७० ला थरथर आली आणि ६० च्या खाली गेली. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही. ही चाचणी करताना इंजिन अजिबात बंद करू नका, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग त्यावरच चालतात. उतारावर करू नका, आणि मागे गाडी असेल तर मुळीच नको.

आता चाक की शाफ्ट एवढंच उरलं. इथे मोबाईल कामाला आला. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप सांगितलं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठात ते तयार झालं आहे, शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी. मोबाईलच्या आत थरथर मोजणारा सेन्सर असतोच. हे अ‍ॅप त्या थरथरीचा आलेख काढून सेकंदाला किती वेळा थरथरतंय ते दाखवतं. त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम असा एक प्रयोग आहे, तो निवडायचा. मोबाईल हातात धरून उपयोग नाही, हात थरथर गिळून टाकतो. मी तो सीटखालच्या लोखंडी पट्टीला चिकटपट्टीने घट्ट बांधला. हे काम गाडी चालवणाऱ्याने करायचं नाही, शेजारी दुसरं माणूस हवंच.

आलेख नुसता पाहून काही कळत नाही, आकडेमोड आधी करून ठेवावी लागते. आमची अशी होती. चाकावर आणि जमिनीवर खडूने खूण केली, गाडी हळू ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा केला आणि अंतर टेपने मोजलं. २ मीटर १५ सेंटिमीटर भरलं. टायरवरच्या आकड्यांवरून काढलेल्या घेरापेक्षा हे थोडं कमी येतं, कारण वजनाने टायर खाली चपटा होतो. वेग स्पीडोमीटरवरून घेतला नाही, तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. दुसऱ्या मोबाईलवर जीपीएसचा वेग पाहिला, आमच्या काट्यावर ७० असताना खरा वेग ६६ होता. ताशी ६६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १८.३ मीटर. भागिले २.१५, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण साडेआठ फेरे. आमच्या गाडीच्या तांत्रिक माहितीत डिफरेन्शियलचं प्रमाण ४.१ दिलं आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे, म्हणून शाफ्टचे फेरे साडेआठ गुणिले ४.१, म्हणजे ३५.

चाकाचा दोष असेल तर आलेखात साडेआठच्या आसपास शेंडा दिसायला हवा, शाफ्टचा असेल तर ३५ वर. आमचा शेंडा ३५ वर होता, एकटा आणि उंच. खरा वेग ५८ वर आणला तर तो ३१ जवळ सरकला, ७४ ला ३९ जवळ गेला. वेगाबरोबर तो अगदी हिशोबाने सरकत होता. एक गोष्ट मुद्दाम सांगते : मोजणी पाचव्या गिअरमध्येच करा. आमच्या गाडीसारखा चौथा गिअर थेट असेल तर त्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, दोघांचा शेंडा एकाच जागी येतो आणि काहीच सिद्ध होत नाही. क्रॉस खराब असेल किंवा त्यांचे कोन चुकले असतील, तर शेंडा बहुतेक वेळा दुप्पट आकड्यावर येतो, आमच्या हिशोबात ७० वर, कारण वाकडा क्रॉस एका फेरीत दोनदा झटका देतो. आमच्या आलेखात ७० वर फारसं काही नव्हतं. म्हणजे शाफ्टचा तोल गेला होता, किंवा तो वाकला होता. गिरणीच्या ओट्यापासून सुरू झालेली गोष्ट वहीच्या एका पानावर आकड्यांत आली, तेव्हा मला खरंच धीर आला.

१७ मार्चला तिसऱ्यांदा गेलो. या वेळी मी जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यांना सांगितलं की तक्रार आमच्या शब्दांत लिहा. ‘रिकामी गाडी, पाचवा गिअर, काट्यावर ६५ ते ७५, न्यूट्रलमध्येही कायम, ३८ हजार ९०० किलोमीटर, आधीच्या दोन भेटींचे जॉब कार्ड नंबर.’ अ‍ॅडव्हायझर नाखूश होते. संगणकात एवढी जागा नाही म्हणाले. मग मी तेच एका कोऱ्या कागदावर दोन प्रतींत लिहिलं, एकीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घेतली. वॉरंटीच्या व्यवहारात वर कंपनीकडे जातं ते फक्त जॉब कार्ड. काउंटरवर आपण तासभर काय सांगितलं ते तिथेच राहतं. माझा आग्रह असेल तर एवढ्या एकाच गोष्टीचा आहे.

दुसरा आग्रह ट्रायलचा. वर्कशॉपच्या फोरमनना ह्यांनी स्वतः शेजारी बसवून हायवेवर नेलं आणि ७० ला नेऊन दाखवलं. फोरमन चांगले होते. खाली उतरताच म्हणाले, “हो, आहे. शाफ्टचं वाटतंय.” ते कार्डवर लिहून घेतलं.

मग वर्क्स मॅनेजरांनी आत बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न, माल किती भरता? दुसरा, पाटे वाढवलेत का? आमच्याकडे बरेच जण गाडी घेतल्यावर मागच्या स्प्रिंगमध्ये एखादा जास्तीचा पाटा टाकून घेतात. त्याने हौद्याची उंची बदलते, डिफरेन्शियलचं तोंड वेगळ्या कोनात जातं, क्रॉसवर ताण येतो, आणि वॉरंटी नाकारायला ते कारण पुरेसं असतं. आमचे पाटे कंपनीचेच होते. गाडी घेतल्यापासून प्रत्येक सर्व्हिसिंगला खालून एक फोटो काढायची ह्यांची सवय, ते फोटो तारखेसकट मोबाईलमध्ये होते. आणि माझ्याकडे काट्याच्या पावत्यांची फाईल होती. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, तारीख, वेळ. आरसीवरच्या एकूण वजनाच्या आतल्या. मॅनेजरांनी त्या उलटून पाहिल्या, झेरॉक्स काढून घेतल्या आणि ओव्हरलोडचा विषय पुन्हा काढला नाही. माल विकला गेला की काट्याची पावती आपण टाकून देतो. गाडी वॉरंटीत आहे तोवर टाकू नका.

तरी शाफ्ट लगेच मिळाला नाही. मोठा भाग असल्यामुळे कंपनीच्या एरिया इंजिनिअरची मंजुरी लागते असं कळलं. १९ मार्चला रिपोर्ट वर गेला. मग मार्च एंड आला. गुढीपाडवा ३० तारखेला होता, त्याच्या पुढेमागे कोणी फोन उचलेना. तोवर गाडी ५५ च्या वर चालवू नका असा तोंडी सल्ला मिळाला होता. मी तो ईमेलवर मागितला आणि तो आला, हे महत्त्वाचं, कारण थरथरत्या शाफ्टने उद्या सेंटर बेअरिंग गेलं तर ‘माहीत असून चालवली’ असं म्हणायला जागा नको. ५५ च्या वेगाने वाशीला पोहोचायचं तर रात्री दीड तास आधी निघावं लागायचं. हे झोपमोड करत होते आणि मला घाटाची काळजी लागायची.

२ एप्रिलला मी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला. तीन जॉब कार्ड, आलेखाचा फोटो, फोरमनची नोंद, सगळं जोडून. तक्रार क्रमांक मिळाला. त्याच दिवशी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात.

इथे पिकअपवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. ‘तुमची व्यावसायिक गाडी, तुम्ही ग्राहकच नाही’ असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नसतो, हे खरं आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २ च्या सातव्या पोटकलमात खुलासा आहे : ज्याने वस्तू केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतली आणि स्वतः वापरली, त्याला ग्राहकच धरलं जातं. एक गाडी, घरचा माणूस चालवणारा, त्यावर पोट. असं असेल तर दार उघडं आहे. जिल्हा आयोगाकडे ५० लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणं चालतात, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि पाच ते दहा लाखांच्या वस्तूसाठी फी २०० रुपये. अर्ज ऑनलाइनही करता येतो. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. पण हे माहीत झाल्यावर मी मॅनेजरांशी बोलताना माझा आवाज बदलला, हे मला स्वतःलाच जाणवलं.

७ एप्रिलला फोन आला, इंजिनिअर ९ तारखेला येणार.

तो दिवस मला नीट आठवतो. गाडी लिफ्टवर वर घेतली. इंजिनिअर तिशीतले, शांत. त्यांनी माझं वहीचं पान वाचलं, दोन आकडे स्वतः करून पाहिले आणि मानेनेच होकार दिला. मग शाफ्टवर घट्ट बसलेला चिखल आणि ग्रीसचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसायला सांगितला. मुलगा पुसत गेला. काळी नळी चमकायला लागली. मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक जागा आली, बोटाच्या दोन पेरांएवढी, चौकोनी. तिथे रंगच नव्हता. चौकोनात दोन बारीक गोल ठिपके होते, गंजून तांबडे झालेले. इंजिनिअरनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “इथे वजन होतं. सुटून पडलंय.”

शाफ्ट कारखान्यात फिरवून त्याचा तोल पाहतात आणि जिथे कमी असेल तिथे लोखंडाची छोटी पट्टी स्पॉट वेल्डने चिकटवतात. आमच्या शाफ्टची ती पट्टी वेल्डमधून निघून कुठेतरी रस्त्यावर पडली होती. त्यांनी डायल गेज, म्हणजे बारीक वाक मोजणारं काट्याचं यंत्र, लावून शाफ्ट हाताने फिरवला, काटा मर्यादेच्या आतच राहिला, म्हणजे शाफ्ट वाकलेला नव्हता. ओव्हरलोडने वाकला असं म्हणायलाही आता जागा नव्हती. सेंटर बेअरिंगचं रबर मात्र एका बाजूने फाटलेलं निघालं. मॅनेजर म्हणाले, रबर झिजेच्या यादीत येतं. इंजिनिअरनी ते मान्य केलं नाही. तोल गेलेल्या शाफ्टमुळे रबर फाटलं, म्हणून दोन्ही एकाच क्लेममध्ये घ्या, असं त्यांनी लिहून दिलं. मी त्या रंग उडालेल्या चौकोनाचे फोटो काढून ठेवले, कारण वॉरंटीत बदललेला जुना भाग आपल्याला मिळत नाही, तो कंपनीकडे परत जातो.

पार्ट यायला पुन्हा थांबणं आलं. मधे १४ एप्रिलची आंबेडकर जयंतीची सुट्टी, १८ ला गुड फ्रायडे. २१ ला शाफ्ट आला, २२ ला बसला. परतीच्या वाटेवर ७० ला ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पायाखाली काही नव्हतं.

पण २५ ला टोमॅटोचे पहिले क्रेट भरून निघालो आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना सीटखालून थडथड आली. हा नवा आवाज होता, आधी कधीच नव्हता. वेग पकडला की बंद. माझं मन पुन्हा खचलं, पण या वेळी काय लिहायचं ते ठाऊक होतं : भरलेली गाडी, पहिला गिअर, चढ, फक्त सुटताना, शाफ्ट बदलल्यानंतर. २८ ला गेलो. फोरमननी कार्ड वाचलं आणि थेट सेंटर बेअरिंगकडे गेले. बेअरिंगचं ब्रॅकेट आणि चासीची पट्टी यांच्यामध्ये ठरलेल्या जाडीचे वॉशर असतात, ते जुन्या बेअरिंगबरोबर निघाले आणि परत बसले नव्हते. त्यामुळे मधला सांधा काही मिलिमीटर वर गेला होता आणि जोर आला की क्रॉसचा कोन चुकत होता. वॉशर बसले, तासाभरात काम झालं. तिथूनच समोरच्या चढावर ट्रायल घेतली, थडथड गेली. फोरमननी स्वतःहून माफी मागितली.

गेटपास घेण्याआधी मी तीन गोष्टी कागदावर मागितल्या : बदललेल्या भागांचे नंबर, शून्य रकमेचं वॉरंटी बिल आणि बदललेल्या भागांवर किती वॉरंटी आहे ते. उत्तर आलं की नव्या भागांना वेगळी वॉरंटी नाही, गाडीची जेवढी उरली आहे तेवढीच, म्हणजे जानेवारी २०२७ किंवा एक लाख किलोमीटर. बिलावर भागांची मूळ किंमत छापलेली असते. मजुरी धरून सतरा हजारांच्या वर गेली असती. आमच्या खिशातून गेलं ते बॅलन्सिंगचे ११००, भाड्याच्या गाड्या आणि डिझेल. ते परत मिळावं म्हणून केलेला अर्ज कंपनीने पुस्तिकेतलं कलम दाखवून नाकारला, फक्त पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी माफ केली. ती आम्ही घेतली.

मेच्या पहिल्या रविवारी त्याच सपाट तुकड्यावर, त्याच वेगाला, मोबाईल त्याच पट्टीला बांधून पुन्हा मोजलं. ३५ जवळ आता फक्त एक लहान उंचवटा आहे. दोन्ही आलेख एकाखाली एक छापून फाईलला लावले आहेत. नव्या शाफ्टवरच्या वजनाच्या पट्टीभोवती ह्यांनी पांढऱ्या रंगाने रेघ ओढली आहे. ग्रीसिंगला गाडी वर घेतली की ती पट्टी जागेवर आहे ना, ते आधी बघतात.